रंगपटात शिकणाऱ्या मुलासाठी तरतूद हवी : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : दशावतारी नाट्यमंडळांत नव्याने शिकणाऱ्या कलावंतांना हंगामी विद्यावेतन देण्याबाबत.

महोदय,

दशावतार या तळकोकणातल्या लोकनाट्यासाठी शासन महोत्सव भरवते, प्रशिक्षण शिबिरे घेते आणि पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांना मानधनही देते. यांपैकी एकही गोष्ट बंद व्हावी, असे मला वाटत नाही. वृद्ध कलावंताच्या हाती महिन्याकाठी चार पैसे पडतात, याचे मोल तळकोकणात राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. तरीही या सगळ्या खर्चात एका माणसाचा हिशेब कुठेच धरलेला दिसत नाही. हा माणूस म्हणजे नुकताच मंडळात आलेला, सतरा-अठरा वर्षांचा, अजून नाव नसलेला मुलगा. दशावतार पुढच्या पिढीकडे जायचा असेल तर तो याच्यामार्फत जाणार आहे, म्हणून हे पत्र.

आपल्याला ठाऊक असेलच की दशावताराला लिखित संहिता नसते. जत्रेच्या रात्री देवळाजवळच्या रंगपटात गणपतीपुढे नारळ ठेवला जातो, नट आपापला आरसा मांडून स्वतःचा रंग स्वतः लावायला बसतात आणि त्याच गडबडीत मंडळातला एखादा जाणता त्या रात्रीचे आख्यान सांगतो. कोणी कोणत्या प्रवेशात यायचे, कोणाची कोणाशी गाठ पडायची, युद्ध केव्हा आणि वर कोणाला, एवढेच त्यात असते. बाकी सगळे, म्हणजे प्रत्येक संवाद, प्रत्येक पद, समोरच्याने अनपेक्षित प्रश्न टाकला तर द्यायचे उत्तर, हे नटाने उभ्या-उभ्या घडवायचे. मागे एक पडदा, पुढे एक बाकडे, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज, एवढ्या सामानावर ही मंडळी पहाटेपर्यंत इंद्रसभा आणि अरण्य उभे करतात.

आता या रंगपटात कोपऱ्यात बसलेल्या मुलाकडे पाहावे. पहिल्या हंगामात त्याच्या वाट्याला बहुधा आड दशावतारातली, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातली, रिद्धी किंवा सिद्धी येते. गणपतीच्या बाजूला उभे राहायचे, ताल सांभाळून पावले टाकायची आणि आत यायचे. उरलेली रात्र तो विंगेतून पाहतो. राजपार्ट करणारा नट लांबलचक वाक्य कुठे तोडतो, स्त्रीपार्टी पदर कसा सावरतो, सोबतचा नट अडला तर त्याला प्रश्न विचारून वाट कशी काढून देतात, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. घरी ‘माका’, ‘तुका’ बोलणारा हा मुलगा दोन-तीन हंगामांत ‘देवाधिदेवा, आपल्या दर्शनाने हा दास कृतार्थ झाला’ असे न अडखळता बोलू लागतो. ही भारदस्त मराठी त्याला शाळेने शिकवलेली नसते. ती रोज रात्री कानावर पडून जिभेवर आलेली असते. आणि संकासूर हा विनोदी राक्षस होऊन भटजीची फिरकी घ्यायची वेळ आली की त्याच जिभेवर पुन्हा मालवणी येते, कारण कोणत्या पात्राला कोणती बोली शोभते याची जाणही त्याच कोपऱ्यात बसून आलेली असते.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये संस्कृतीची व्याख्या केली, तेव्हा ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने संपादन केलेल्या इतर सवयी व क्षमता असे तिचे स्वरूप सांगितले. त्यातला भर संपादन करण्यावर आहे. रक्तातून यातले काही येत नाही. ‘कोकणी माणसाच्या रक्तातच दशावतार आहे’ हे उद्घाटनाच्या भाषणांत हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणूनच मला धोक्याचे वाटते, कारण जे रक्तात आहे ते आपोआप टिकेल, अशी सोयीची समजूत त्यातून तयार होते. मंडळात चार-पाच हंगाम न काढलेला मुलगा, आजोबा कितीही नामांकित नट असले, तरी त्या बाकड्यासमोर उभा राहून दहा मिनिटेही बोलू शकत नाही.

संस्कृती नुसत्या वारशाने पुढे जात नाही, ती शेजाऱ्याकडूनही घेतली जाते. मराठी रंगभूमीचीच गोष्ट पाहा. उत्तर कानडातल्या कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले आणि १८४३ मध्ये भाव्यांचे नाटक उभे राहिले. दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण ज्या रंगभूमीचा दिवस साजरा करतो, तिच्या मुळाशी दुसऱ्यांचा खेळ डोळे भरून पाहणे आहे. आजही दशावतारी मंडळे सिंधुदुर्गातून गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या जत्रांना जातात आणि तिकडची मंडळे इकडे येतात. त्यामुळे गोव्याच्या खात्याशी या बाबतीत बोलणे झाले तर ते उपयोगाचेच ठरेल.

महोत्सवाची अडचण अशी की तिथे प्रयोग ठरलेल्या वेळेत बसवावा लागतो आणि साहजिकच मंडळ आपले कसलेले नट पुढे करते. प्रेक्षकाला उत्तम दशावतार दिसतो, पण नवख्याला त्यात जागा उरत नाही. आठ-दहा दिवसांच्या शिबिरात पदन्यास, रंगभूषा आणि काही पदे शिकवता येतात, हेही खरे. मात्र आयत्या वेळी बोलण्याचे धाडस शिबिरात येत नाही. ते येते दूर कुठल्यातरी वाडीच्या जत्रेत, पहाटे तीनच्या सुमारास, निम्मे प्रेक्षक पेंगत असताना आणि उरलेल्यांना आख्यान नटापेक्षा जास्त पाठ असताना. तिथे चूक खपते, आणि खपत नाही तेव्हा पुढच्या रांगेतली एखादी म्हातारी ती मोठ्याने सांगतेही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत आणि पालखी फिरून झाल्यावर सुरू होणाऱ्या नाटकाला ते जाचक ठरतात. नियम मोडावेत असे मी म्हणणार नाही, परंतु कायद्याच्या चौकटीत जत्रांसाठी काय करता येईल, याचा विचार आपले खाते गृह आणि पर्यावरण खात्यांसोबत बसून करू शकते.

मूळ प्रश्न पैशाचा आहे. नटाला ‘नाईट’ मिळते, म्हणजे जितक्या रात्री काम तितक्या रात्रींचे पैसे, आणि नवख्याची नाईट अर्थातच सर्वांत कमी. हंगाम संपला की पावसाळ्यात शेती किंवा मिळेल ती मजुरी. याच वयात त्याला गोव्यातल्या हॉटेलात किंवा मुंबईत दरमहा ठरलेला पगार मिळू शकतो. तो गेला तर दोष त्याचा नाही. मंडळाच्या मालकानेही त्याला कशाच्या जोरावर थांबवावे?

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. प्रत्येक नोंदणीकृत मंडळात पहिली काही वर्षे शिकणाऱ्या दोन-तीन मुलांना हंगामापुरते विद्यावेतन द्यावे. ते थेट मुलाच्या खात्यात जावे, आणि त्यासाठी परीक्षा किंवा प्रमाणपत्र मागू नये. मंडळाबरोबर त्याने किती रात्री काढल्या, एवढीच नोंद पुरे. शिकणाऱ्यांत वादकही धरावेत, कारण मृदंगी मिळेनासा झाला तर नट असून भागत नाही.

दस्तऐवजीकरणाबद्दलही एक विनंती आहे. युनेस्कोचा अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीचा करार २००३ चा असून भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला. त्यातही हा वारसा पिढ्यांमागून पिढ्यांकडे जातो आणि समाज तो सतत नव्याने घडवतो, असेच मानले आहे. तेव्हा ध्वनिचित्रमुद्रण करताना एकच आख्यान चार मंडळांचे, चार वेगळ्या रात्रींचे मुद्रित करावे. त्यातून एक ‘प्रमाण’ संहिता काढून छापण्याचा मोह मात्र टाळावा. हल्ली चालणारे ट्रिकसीन, म्हणजे रंगमंचावर करामतींनी दाखवलेले चमत्कार, मला स्वतःला फारसे रुचत नाहीत, पण दशावतारात काय बसते आणि काय नाही हे रंगपटाने व जत्रेतल्या प्रेक्षकांनी ठरवावे, खात्याने नव्हे.

कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि मंडळांना आपली माणसे त्याच्या बरीच आधी ठरवावी लागतात. या वर्षी एखाद्या घरच्याने मुलाला मंडळात पाठवायचे की गोव्याला, याचा विचार करताना ही योजना हिशेबात धरावी, असे आपल्याला वाटत असेल तर शासन निर्णय गणेशचतुर्थीच्या आत निघावा. तेव्हा चाकरमानी गावी आलेले असतात आणि घरोघरी असे निर्णय त्याच दिवसांत होतात.

आपला नम्र,
कुडाळ तालुक्यातील एक दशावतारप्रेमी