पत्त्यांचा कॅट बाजूला ठेवू या: उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

स. न. वि. वि.

मी खानदेशातल्या एका अनुदानित महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, गरज पडेल तेव्हा गणितही. पदवीच्या पहिल्या वर्षाला संभाव्यता सुरू झाली की पत्त्यांचा कॅट आलाच. ‘५२ पत्त्यांतून दोन पत्ते काढले, दोन्ही चित्राचे आणि एकाच रंगाचे असण्याची संभाव्यता काढा.’ माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींनी पत्ते कधी हातात धरलेले नसतात. पत्ते म्हणजे जुगार, पारावरच्या रिकामटेकड्यांचा उद्योग, असे घरी ऐकलेले. चित्राचे पत्ते किती, एक्का त्यांत धरायचा का, ‘रंग’ म्हणजे लाल-काळा की इस्पिक-बदाम-चौकट-किलवर, हे पुस्तकात कुठेच सांगितलेले नसते. ते तुम्हाला ठाऊकच असणार, असे धरलेले असते. मुलगी संभाव्यतेचे सूत्र बरोबर लिहिते आणि अंशात भलताच आकडा टाकते. गुण जातात संभाव्यतेचे, आणि हुकलेले असते ते पत्त्यांचे सामान्यज्ञान.

हे उदाहरण किरकोळ वाटेल, पण गणिताच्या वर्गात कोण बसलेले आहे याचा विचार न करता अभ्यासक्रम लिहिला की काय होते, ते त्यात दिसते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने अभ्यासक्रम पुन्हा पुन्हा लिहिले जात आहेत. समाजातल्या विविधतेचा उल्लेख प्रस्तावनेत आणि उद्दिष्टांत भरपूर असतो. प्रत्यक्ष घटकांच्या यादीत, प्रात्यक्षिकांच्या वहीत आणि प्रश्नपत्रिकेत ती औषधालाही सापडत नाही. माझी विनंती मुख्यतः त्या तीन जागांबद्दल आहे.

आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुले असतात, पावरी आणि भिली बोलणारी असतात, तांड्यावरून आलेली गोरमाटी बोलणारी, उर्दू शाळेतून आलेली असतात. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार १० पैकी जवळपास ७ माणसे अनुसूचित जमातींची. कोणी आश्रमशाळेतून मराठीत गणित शिकून आलेला, कोणी सेमी इंग्रजीतून, एखादी शहरातल्या इंग्रजी शाळेतली. अकरावीत सगळ्यांना एकाच इंग्रजी पुस्तकासमोर बसवले जाते आणि जो बोलत नाही तो ‘कच्चा’ ठरतो. प्रश्नपत्रिकेतला ‘अॅट मोस्ट टू’ वाचून द्विपद वितरणात दोन आणि त्याहून जास्त यांची बेरीज करणारी उत्तरपत्रिका मी दरवर्षी तपासते. ‘जास्तीत जास्त दोन’ असे खाली मराठीत छापले असते, तर तीच मुलगी शून्य, एक आणि दोन यांची बेरीज डोळे झाकून करते. मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्याला आता काही काळ लोटला. विज्ञान शाखेची प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापणे ही त्या दर्जाची फार मोठी किंमत नव्हे. उत्तर कोणत्या भाषेत लिहायचे ते विद्यार्थ्याला ठरवू द्या. बहुतेक जण इंग्रजी चिन्हे आणि मराठी वाक्ये अशी खिचडीच करतील. ती तपासता येते, आम्ही वर्गात रोज तीच बोलतो.

आता पत्त्यांच्या जागी काय ठेवायचे, याकडे येते.

रावेरकडच्या एका विद्यार्थ्याने नमुना निवडीच्या तासाला प्रश्न विचारला. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तापमान ठरल्या अंशाच्या खाली किंवा वर, ठरल्या इतके दिवस सलग राहिले की भरपाई. ‘मॅडम, केंद्र मंडळाच्या गावाला. आमचं शेत तापीच्या काठाला. तिथला गारठा त्या यंत्राला कसा कळणार?’ एका ठिकाणच्या मोजमापावरून सगळ्या मंडळाबद्दल बोलायचे तर चूक किती होईल, केंद्रे वाढवली तर ती किती कमी होईल, अंतरानुसार तापमान कसे बदलते: नमुना निवड, विचरण, सहसंबंध, तिन्ही घटक त्या एका प्रश्नात येऊन बसले. त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलेही वहीत काहीतरी मांडत होती, कारण भरपाई न मिळालेले घर त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे होते.

आणि हे शिकवायला परदेशी उदाहरण शोधावे लागत नाही. शेतातला ठरावीक तुकडा कापून उत्पादन मोजायचे, त्या पीक कापणी प्रयोगांना यादृच्छिक नमुना निवडीची शिस्त लावण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे साताऱ्यातल्या बुध गावचे. १९४० च्या दशकात त्यांचा संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांशी वाद झाला तो कापणीच्या तुकड्याच्या आकारावरून. तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडे आत ओढली जातात आणि उत्पादन आहे त्याहून जास्त दिसते, असे सुखात्मे आकड्यांनिशी सांगत होते. पुढे ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला पीक विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरू लागली. म्हणजे सुखात्म्यांचा तो वाद आज शेतकऱ्याच्या बँक खात्यापर्यंत येऊन पोहोचला आहे, आणि संख्याशास्त्राचा पदवीधर मात्र एकही कापणी प्रयोग न पाहता बाहेर पडतो. कृषी आणि महसूल खात्याचे कर्मचारी हे प्रयोग दर हंगामात करतातच. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याबरोबर बांधावर उभे राहू द्यायला दोन खात्यांतले एक पत्र पुरेल.

शेतीवर बोलणे सोपे आहे. जातीवर बोलताना प्राध्यापक चाचरतात, मीही. पण या राज्यात आकड्यांचे सगळ्यात मोठे भांडण गेली काही वर्षे तिथेच चालू आहे आणि ‘इम्पिरिकल डेटा’ (प्रत्यक्ष गोळा केलेली आकडेवारी) हे शब्द आमच्या विद्यार्थ्यांनी वर्गात यायच्या आधी टीव्हीवर ऐकलेले असतात. २०२२ मध्ये ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाने राज्यातल्या ओबीसींचे प्रमाण ३७ टक्के सांगितले. मतदार याद्यांतल्या आडनावांचा आधार घेतला म्हणून त्यावर टीका झाली. राजकारण बाजूला ठेवून हा प्रश्न मी फळ्यावर लिहिते: आडनावावरून जात ओळखली तर चूक किती? पवार मराठा असतात, बौद्ध असतात, पारधी असतात. चव्हाण मराठा आणि बंजाराही. गायकवाड, जाधव, मोरे यांचे तर विचारूच नका. वर्गीकरणात चूक होते तेव्हा ती दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते की एकाच बाजूला झुकते, आणि झुकली तर अंतिम टक्केवारी किती सरकते, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला काढता येते. वर्गात कोणाची जात विचारावी लागत नाही. विचारूही नये. आडनावांची काल्पनिक यादी पुरते.

दुसरे उदाहरण २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणाचे. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्याच याचिकेवर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की १९३१ च्या जनगणनेत देशभरात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या, या सर्वेक्षणात ४६ लाखांवर नावे आली. एकट्या महाराष्ट्रात ४ लाख २८ हजारांवर, जिथे अधिकृत याद्यांतल्या जाती ४९४. लोकांनी पोटजात सांगितली, कुळ सांगितले, आडनाव सांगितले, प्रगणकाने कानाला आले तसे लिहिले. मोकळी जागा ठेवून विचारलेला प्रश्न आणि यादीतून निवडायला दिलेला प्रश्न यांत काय फरक पडतो, हे यापेक्षा चांगले कुठे शिकायला मिळेल? २०२७ च्या जनगणनेत जात पुन्हा मोजली जाणार आहे. तिचे तक्ते बाहेर येतील तेव्हा ते वाचणारी माणसे जिल्ह्याजिल्ह्यात लागतील. ती आमच्याच वर्गांतून जायला हवीत. नाहीतर प्रत्येक समाजाचा नेता आपला आकडा घेऊन माइकसमोर उभा राहील आणि तपासायला कोणी नसेल.

संख्याशास्त्राचा इतिहास शिकवतानाही हे टाळता येत नाही. तिसऱ्या वर्षाला आम्ही दोन गटांतला फरक मोजणारे महालनोबिसांचे ‘डी वर्ग’ हे अंतर शिकवतो, सूत्र आणि दोन गणिते. ते अंतर कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांच्या अभ्यासातून आले, हे सांगायला वेळ नसतो. त्याआधी रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने नाकाच्या रुंदी-उंचीच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड लावून दाखवली होती. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या, कवट्या मोजल्या, आणि मार्गदर्शकाला हवा असलेला वंशभेद आकड्यांत सापडत नाही असे प्रबंधात लिहून परतल्या. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९४८ मध्ये समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या संकलनातली नाकांची मापेच पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात असा युक्तिवाद केला. शत्रूचे हत्यार त्याच्यावरच उलटवणे म्हणजे काय, ते पाहायचे तर तो भाग वाचावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने वंशसुधारवादाचे पुरस्कर्ते असलेल्या गाल्टन आणि पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांची नावे २०२० मध्ये इमारत आणि व्याख्यानगृहांवरून काढली. आम्ही नावे काढू नयेत, सहसंबंध गुणांक पिअर्सनचाच राहील. पण तो कोणत्या कामासाठी घडवला गेला, हे वसतिगृहातल्या मुलाला कळायला हवे. कळले की तो सूत्राला घाबरत नाही, असा माझा अनुभव आहे.

इथे थोडे विषयांतर. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये गणिताच्या पदवीचा जो मसुदा काढला, त्यात कालगणना, पंचांग, मुहूर्त यांना जागा होती. देशभरातल्या ९०० हून अधिक गणितज्ञांनी तो मागे घ्या म्हणून निवेदन दिले. परंपरेला माझा विरोध नाही. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याची नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशात गणिताला स्वतंत्र संस्था होती, हे मी अभिमानाने सांगते. पण त्या मठात कोणाला प्रवेश होता, हा प्रश्न वर्गातून येतो, आणि आला की तो दाबू नये. मुहूर्ताचे श्रेयांक त्याचे उत्तर देत नाहीत.

एक मागणी अशी की जिला पैसे लागत नाहीत. परीक्षा अर्जात लिंग आणि प्रवर्ग विद्यापीठाकडे असतोच. बारावीचे माध्यम एका रकान्यात जोडता येईल. तरीही गणित आणि संख्याशास्त्राच्या पेपरांचा निकाल एकच टक्का म्हणून जाहीर होतो. तो माध्यम, लिंग आणि प्रवर्गानुसार फोडून महाविद्यालयाला कळवा. ज्या गटात मोजकेच विद्यार्थी असतील तो आकडा झाका, म्हणजे कोणी ओळखले जाणार नाही. आकडे फोडल्यावर चित्र कसे पालटते, याचे जुने उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे आहे. १९७३ मध्ये तिथल्या पदव्युत्तर प्रवेशात पुरुषांपैकी ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के निवडले गेले. विभागवार पाहिले तर भेदभाव जवळजवळ दिसेना. स्त्रियांनी जिथे प्रवेश अवघड तिथे जास्त अर्ज केले होते. आमच्या पुस्तकांत गोष्ट इथे ‘विरोधाभास’ म्हणून संपते. अभ्यास करणाऱ्यांनी मात्र पुढेही पाहिले होते: प्रवेश सोपा असलेल्या विभागांना पदवीचे गणित जास्त लागत होते, आणि मुली तिथे कमीच जात होत्या. दार गणिताच्या वर्गातच आधी बंद झाले होते. आपल्या सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, हे उत्तम झाले. पण त्या अभ्यासक्रमांच्या दाराशी गणित उभे आहे, आणि तिथे किती जणी कुठल्या पेपरला अडतात ते आज कोणी सांगू शकत नाही.

अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची आकडेवारी प्रात्यक्षिकांसाठी तालुकावार, संगणकावर उघडून वापरता येईल अशी द्यावी. पीडीएफमधला तक्ता पुन्हा टंकित करण्यात आमचे अर्धे प्रात्यक्षिक जाते.

शेवटी माणसांचा प्रश्न. वर लिहिलेले सगळे करायला शिक्षकाला विद्यार्थी ओळखीचा हवा, तो कुठून आला, कशात अडतो हे ठाऊक हवे. आमच्याकडे गणिताचे बरेच तास तासिका तत्त्वावरचे सहकारी घेतात. ते सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या तालुक्यात. मानधन तासाचे, तेही महिनोन् महिने थकलेले. त्यांनी तास संपल्यावर थांबून पावरी बोलणाऱ्या मुलाची वही पाहावी, ही अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू? रिक्त जागा भरा, आणि भरेपर्यंत निदान आठवड्यातला एक तास शंका सोडवण्यासाठी मोजून त्याचे मानधन द्या.

उत्तर आपल्या कार्यालयातून थेट आले तर आनंदच आहे. सहसंचालकांमार्फत परिपत्रक आले तरी चालेल, फक्त त्यात ‘सदर बाबीचा अहवाल तात्काळ सादर करावा’ एवढेच नसावे. अहवाल आम्ही पुष्कळ दिले आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
खानदेशातील एक प्राध्यापिका