मारातल्या चित्त्याच्या मादीबद्दल, फ्रान्सिसला

वसई

प्रिय फ्रान्सिस,

जय येसू.

फोनवर तू एवढंच विचारलंस, सिंह दिसले का? दिसले, अगदी मनसोक्त दिसले. पण मला तुला सांगायचंय ते चित्त्याबद्दल, आणि ते फोनवर घाईत उरकावंसं वाटेना.

आधी एका चर्चविषयी. केनियात नैरोबीहून मसाई मारा या राखीव जंगलाकडे जाताना रिफ्ट व्हॅली नावाच्या मोठ्या दरीच्या उतारावर, माई माहिऊजवळ, ते रस्त्यालगतच आहे. 1942 साली इथला रस्ता बांधायला लावलेल्या इटालियन युद्धकैद्यांनी ते उभारलं. इतकं लहान, की आपल्या चर्चच्या गटातले निम्मे बाहेरच उभे राहिले. तिथे फादरांनी 104 वं स्तोत्र वाचलं. सिंहाचे छावे गर्जना करून देवाकडे आपलं भक्ष्य मागतात, ते. लहानपणापासून ऐकतोय आपण. पण ते भक्ष्य म्हणजे कुणाचा तरी जीव, हे कधी मनाला शिवलं नव्हतं.

मारात ते डोळ्यांनी पाहिलं. सिंहिणींनी रात्री झेब्रा मारला होता. छाव्यांची तोंडं डोळ्यांपर्यंत लाल. एक छावा झेब्र्याच्या बरगड्यांत आख्खा शिरून खात होता, बाहेर फक्त शेपूट. हाडं फुटल्याचा आवाज गाडीत स्पष्ट येत होता. आमच्यातल्या एक मावशी डोळे मिटून जपमाळ ओढू लागल्या. मला मात्र पाहायचंच होतं. सृष्टीबद्दल देवाची स्तुती करायची, तर हेही त्यात आलंच ना?

बिबट्याही दिसला, फांदीवर पाय लोंबकळत सोडून झोपलेला. 2024 मध्ये आपल्या किल्ल्यात बिबट्या शिरला तेव्हा काय धास्ती होती सगळ्यांना, आणि इथे त्याच जातीच्या जनावरासाठी आम्ही माना वर करून ताटकळत होतो.

आणि मग ती मादी. वाळवीच्या वारुळावर बसलेली, डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा, पायाशी पाठीवर राखाडी झुलपं असलेली पिल्लं. दूर हरणांचा कळप, आणि तिची नजर तिथून हलत नव्हती. आमच्या ड्रायव्हरांनी हलक्या आवाजात समजावून सांगितलं. सिंह आणि तरस तिची शिकार हिसकावतात, म्हणून ती बहुतेक दिवसाच शिकार करते. पळून इतकी दमते, की धाप ओसरेपर्यंत तिला खाताही येत नाही. तिला सिंहासारखी डरकाळी फोडता येत नाही. पिल्लांना बोलावते ती पाखरासारखं चिवचिवून. चहूबाजूंनी इंजिनं घुरघुरत असली तर ते ऐकू कसं जाणार?

तोवर रेडिओवर ‘दुमा, दुमा’ सुरू झालं होतं. दुमा म्हणजे चित्ता. बघता बघता गाड्यांचा गराडा पडला. एका जनावराभोवती पाचच गाड्या, असा तिथला नियम. पण तो पाळतंय कोण! परत आल्यावर मी 2018 साली प्रसिद्ध झालेला माराचाच एक अभ्यास वाचला. पर्यटक कमी तिथे चित्त्याच्या एका वेतातली सरासरी दोनाहून जास्त पिल्लं मोठी होतात. गर्दी असते तिथे पाच वेतांमागे एखादंच.

आम्ही आधी पोचलो होतो, जागाही उत्तम मिळाली होती. गाडीत कुजबुज झाली, लाखांनी पैसे मोजलेत, शिकार बघूनच जाऊ. फादर काही बोलले नाहीत. बोलल्या त्या सिंहांपुढे डोळे मिटणाऱ्या मावशी: “तिच्या पोरांच्या तोंडचा घास आपण कशाला अडवायचा? घ्या गाडी मागे.” ड्रायव्हरांनी वळून आमच्याकडे पाहिलं. कुणीच नाही म्हटलं नाही. शिकार झाली की नाही, आम्हाला माहीत नाही. फ्रान्सिस, माई माहिऊच्या चर्चमध्ये ऐकलेलं स्तोत्र मावशींच्या त्या वाक्यात मला पुन्हा ऐकू आलं. श्रद्धेने एकत्र आलेल्या गटाने जंगलात असंच वागावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वर्षीच्या गटाची बोलणी तू करणार आहेस. टूरवाल्यांकडून आधीच कबूल करून घे, की पाच गाड्या झालेल्या दिसल्या तर आपली गाडी थांबणार नाही. शिवाय राखीव क्षेत्राला लागून मसाई कुटुंबांच्या जमिनीवरची संरक्षित क्षेत्रं आहेत. जमिनीचं भाडं त्या कुटुंबांना मिळतं आणि गाड्या मोजक्याच सोडतात. तिथे एखादी रात्र तरी ठेव. खर्च वाढेल, धर्मग्रामाच्या सभेत कुरकुर होईल. तेव्हा मला बोलव, मी बोलेन. मावशीही यायला तयार आहेत.

सभेची तारीख ठरली की कळव. घरच्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
आग्नेल