कोणाला कशाचे भय

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की सतराव्या शतकातल्या इंग्रज राजकीय विचारवंतांपैकी हॉब्ज हुकूमशाहीचा वकील, लॉक लोकशाहीचा, आणि परीक्षेला एवढे पुरते. परीक्षेला पुरतही असेल; पण ही माणसे समजून घ्यायची असतील तर प्रत्येकाला भय कशाचे होते ते आधी पाहावे, असे मला वाटते.

हॉब्जने स्वतःच लिहून ठेवले आहे की आपल्या आईला जुळे झाले, एक आपण आणि दुसरे भय. त्याचा जन्म 1588 चा, स्पॅनिश आरमार इंग्लंडवर चालून येणार या धास्तीच्या दिवसांतला. पुढे राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटले, 1649 मध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि दोन वर्षांनी त्याचे 'लेव्हायथन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. परागंदा होऊन पॅरिसहून हे सारे पाहणाऱ्या माणसाला एकहाती सत्तेचाच आसरा वाटला, यात नवल नाही. तरीही ती सत्ता जिवावर उठली तर प्रतिकाराचा हक्क माणसाला सोडून देता येत नाही, हेही त्यानेच लिहिले आहे. तुझ्या टिपणांत ते आले आहे का?

लॉकचे भय राजाचे. 1683 मध्ये राजाच्या अनिर्बंध सत्तेविरुद्ध लिहिणाऱ्या अल्जरनॉन सिडनीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा त्याचे अप्रकाशित हस्तलिखितच त्याच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभे करण्यात आले आणि त्याला देहान्ताची शिक्षा झाली. त्याच वर्षी लॉक हॉलंडला निघून गेला. राज्यकर्ता केवळ विश्वस्त आहे, जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क त्याने दिलेले नाहीत, आणि त्याने विश्वासघात केल्यास लोक सत्ता परत घेऊ शकतात, असे मांडणारा त्याचा ग्रंथ 1689 मध्ये निघाला तो निनावी. आपणच त्याचे लेखक असल्याची कबुली त्याने दिली ती मृत्युपत्राच्या पुरवणीत. (याच लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतलेले होते, हेही टिपून ठेव.)

मला जवळचा वाटतो तो फ्रेंच विचारवंत मॉन्टेस्क्यू, कारण त्याला भय कोणा एका व्यक्तीचे नव्हते. सत्ता ज्याच्या हाती येते तो ती अडेल तिथपर्यंत रेटत जातो, मग तो सज्जन का असेना. म्हणून कायदा करणारे, तो राबवणारे आणि निवाडा देणारे हात वेगळे असावेत, असे त्याने 1748 मध्ये लिहिले. बोर्दोच्या न्यायालयातले पद त्याला चुलत्याच्या वारशाने मिळाले होते आणि 1726 मध्ये त्याने ते चक्क विकले; न्यायासनाचीही खरेदी-विक्री चालणारी व्यवस्था त्याने आतून पाहिली होती. इंग्लंडचे कौतुक करताना मात्र तिथले मंत्री संसदेतच बसतात याकडे त्याने फारसे लक्ष दिले नाही.

फ्रेंचमध्ये लिहिणारा त्याच शतकातला विचारवंत रूसो, त्याचे भय दुसऱ्याच्या मर्जीवर जगावे लागण्याचे. आणि त्याच रूसोने 1762 मध्ये मुलींचे शिक्षण पुरुषांच्या मर्जीसाठी असावे, असे लिहिले! मेरी वुल्स्टनक्राफ्ट या इंग्रज लेखिकेने 1792 मध्ये आपल्या पुस्तकातून त्याला सडेतोड उत्तर दिले. ते अभ्यासक्रमात नसले तरी रूसोबरोबरच वाच, आणि दिवाळीला येशील तेव्हा ते पुस्तक माझ्यासाठीही घेऊन ये.

तुझी,
आई