'डॉ.' चा वाद चालू द्या, नोंदणी क्रमांक आधी दाखवा

संपादक महोदय,

फिजिओथेरपिस्टने नावाआधी 'डॉ.' लावावे की नाही, यावरून डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपिस्टांच्या संघटना हमरीतुमरीवर आल्या आहेत. केंद्राच्या 2025 च्या अभ्यासक्रमात नावाआधी 'डॉ.' आणि नावानंतर 'पीटी' (फिजिओथेरपिस्टचे लघुरूप) लावायची मुभा आली. आरोग्य सेवा महासंचालनालयाने 9 सप्टेंबर 2025 रोजी 1916 च्या वैद्यकीय पदव्या कायद्यावर बोट ठेवून त्याविरुद्ध पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. या धरसोडीत खरा प्रश्न मागे राहिला. उपचार करणाऱ्याचे नाव कायद्याने ठेवलेल्या नोंदवहीत आहे की नाही?

संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्यात फिजिओथेरपी हा स्वतंत्र गट आहे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला तीन ते सहा वर्षांत किमान 3600 तासांचे पदवी शिक्षण लागते. प्रत्येक राज्यात परिषद असावी, तिने नोंदवही ठेवावी आणि नाव नसलेल्याने व्यवसाय करू नये, असे हा कायदा सांगतो. प्रत्यक्षात गोव्यातल्या म्हापसा, फोंडा, मडगाव येथील पाट्या नीट वाचून पाहाव्यात. काहींवर इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्टस् चा क्रमांक असतो. ही 1955 पासूनची मान्यवर संघटना आहे, पण तिचे सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. काहींकडे पंचायतीचा व्यापार परवाना फ्रेम करून टांगलेला असतो. तो जागेचा, माणसाच्या शिक्षणाशी त्याचा संबंध नाही. महाराष्ट्राच्या परिषदेचा क्रमांकही पुरेसा नाही, कारण तिचा 2002 चा कायदा त्या राज्यापुरता आहे. किनारपट्टीवरच्या मसाज केंद्रांनी 'फिजिओ' हा शब्द उचलला आहेच, जिमच्या प्रशिक्षकांनीही उचलला आहे. त्याबद्दल न बोललेलेच बरे.

'शेक आणि मालीश, त्यात बिघडणार काय?' असे म्हणणारे भेटतात. बरेच बिघडते. पेसमेकर असलेल्याला टेन्स किंवा आयएफटी या वेदना कमी करणाऱ्या विद्युत यंत्रांच्या तारा लावल्या तर पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. शॉर्टवेव्ह डायथर्मीत, म्हणजे विद्युतलहरींनी आतून शेक देताना, शरीरातला रॉड वा प्लेट आजूबाजूच्या भागापेक्षा जास्त तापते आणि आतल्या आत भाजते. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या रुग्णाला गरम पॅकचा चटका कळत नाही, फोड आल्यावरच लक्षात येते. शस्त्रक्रियेनंतर एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर शिरेत गुठळी असू शकते. ती चोळल्यास सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मान झटक्याने 'कट' करून मोडण्याचे व्हिडिओ सध्या फार चालतात. त्या झटक्याने मानेतली धमनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. प्रमाण कमी असले तरी परिणाम कायमचा. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, तर ट्रॅक्शनवर (कंबर ताणण्याच्या उपचारावर) एक दिवसही न घालवता रुग्णाला थेट गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पाठवायला हवे. हे ओळखता यावे म्हणून तर चार-पाच वर्षे शिकायचे असते.

म्हणून रुग्णाने यंत्राच्या आधी प्रश्नांची अपेक्षा ठेवावी. पेसमेकर, शस्त्रक्रिया, कर्करोग, मधुमेह, गर्भारपण याबद्दल विचारले का? हालचाल, ताकद आणि संवेदना तपासली का? काहीच न विचारता तारा चिकटवल्या, तर पाटीवर काहीही लिहिलेले असो, उठून यावे.

'डॉ.' बद्दल आमचे मत असे. लावायचे असेल तर पुढे 'फिजिओथेरपिस्ट' हा पूर्ण शब्द देवनागरीत, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत असावा. नुसत्या 'पीटी' ने सत्तरीतल्या आजीला काय कळणार? पाटीवरचे 'डॉ.' पाहून ती गुडघेदुखीची गोळी मागेल. ती लिहून देणे किंवा इंजेक्शन टोचणे फिजिओथेरपिस्टच्या अधिकारात नाही, हे तिला तिथेच सांगितले पाहिजे.

सरकारकडे मागणी साधी आहे. राज्य नोंदवही कोणालाही मोबाईलवर नावाने शोधता यावी. पालिका आणि पंचायतींनी फिजिओथेरपी केंद्राच्या परवान्याचे नूतनीकरण करताना तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक अर्जावर मागावा, फक्त मालकाचा नव्हे. पदवीधराच्या नावाची पाटी आणि आत सहा महिन्यांचा कोर्स केलेला मदतनीस, हा प्रकार त्याशिवाय उघडा पडणार नाही.

– फिजिओथेरपी क्षेत्रातील काही वाचक, फोंडा