दिमोनाचे पाहुणे आणि आडनावातलं गाव

अश्दोद

प्रिय विनायक,

इस्रायलातल्या दिमोनाच्या त्या बेने इस्राएल (कोकणातून इकडे आलेल्या ज्यू) कुटुंबाला पूर्वजांचं गाव दाखवायचं तू अंगावर घेतलंस, फार बरं झालं. जानेवारी ठरवलास तेही योग्य. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात आणि कबरस्तानात कंबरभर गवत माजतं. जानेवारीत ते वाळलेलं असतं, आधी दोन गडी लावून कापून घे.

काय दाखवू, असं विचारलंस. दाखव कमी, शोधून दे जास्त. समुद्र त्यांना अश्कलोनलाही मिळतो. कोकणात येतात ते पणजोबांच्या कबरीसाठी आणि आडनावातल्या गावासाठी.

पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, नवगावकर यांचं सोपं आहे. पण हीच आडनावं हिंदूंतही आहेत, त्यामुळे नुसतं आडनाव विचारलंस तर भलत्याच वाडीत पाठवतील. म्हाताऱ्या माणसाला गाठून ‘शनवार तेल्यांची घरं कुठे होती?’ असं विचार (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली म्हणून गावात आम्हाला हेच नाव होतं). खरी पंचाईत होते ती आडनाव मोझेस किंवा सॅमसन असलं की. मुंबईत गेल्यावर बऱ्याच जणांनी ‘कर’ गाळून आजोबांचं नावच आडनाव म्हणून लावलं. अशा वेळी त्यांच्याकडून निघण्याआधीच तीन कागद मागव: आजीआजोबांचा केतुबा (म्हणजे लग्नाचा करारनामा), शाळा सोडल्याचा दाखला आणि जुना भारतीय पासपोर्ट. दाखल्यावर जन्मगाव मिळण्याची शक्यता जास्त. जुन्या नोंदीत सॅम्युएल हा सामाजी आणि अब्राहम हा अबाजी असू शकतो, तेही ध्यानात ठेव. आणखी एक, गाव सोडून मुंबई हा पहिला मुक्काम होता, इस्रायल दुसरा. आजोबा गावात सापडले नाहीत तर ते मुंबईत पुरलेले असतील. गावात त्यांच्याही आधीची पिढी शोधायची.

आता दगड वाचायचा कसा ते नीट लिहितो, कारण घोळ होतो तो इथेच. वर हिब्रू, खाली मराठी असेल तर प्रश्नच नाही. नुसतं हिब्रू असेल तर हिब्रू साल अक्षरांत असतं (प्रत्येक अक्षराला अंक ठरलेला असतो) आणि सालातले पाच हजार बहुधा गाळलेले असतात. ताव 400, रेश 200, आयिन 70, मिळून 670. त्यात 1240 मिळव, इसवी सन 1910 आलं. मृत्यू तिश्री (हिब्रू वर्षाचा पहिला महिना) ते डिसेंबरअखेर या काळातला असेल तर 1239 मिळवायचे, कारण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं. ‘हे’ म्हणजे 5 आणि ‘खेत’ म्हणजे 8, दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. ‘हे’च्या डाव्या पायावर वर फट असते. तीत शेवाळ बसलं की ‘हे’चं ‘खेत’ होतं आणि तीन वर्षांचा फरक पडतो. दालेत 4 आणि रेश 200, यांचंही तसंच, फक्त कोपरा टोकदार की गोल एवढाच फरक. म्हणून आधी मऊ ब्रश आणि साधं पाणी. फरशी धुवायचं ॲसिड कुणालाही लावू देऊ नकोस, संगमरवर खाऊन टाकतं. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढ. दुपार झालीच तर आरशाने बाजूने उजेड पाड.

कबरीवर फुलं नकोत, लहान खडा ठेवतात. बाहेर पडताना हात धुतात, म्हणून पाण्याचा कॅन बरोबर असू दे. कद्दीश (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात आणि अलिबागेत ते जमवताना नाकी नऊ येतात. त्यांच्यात दहा नसतील तर कद्दीश ठाण्याच्या सिनेगॉगात ठरव, दहाची खात्री करून. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत काही ठरवूच नकोस. त्या वेळात कबरस्तान, प्रवास, फोटो यांतलं काहीच शब्बाथ (शनिवारची विश्रांती) पाळणाऱ्याला चालत नाही. सगळेच पाळतात असं नाही, तरी विचारून घे.

नवगावचा आमच्या पूर्वजांचा स्मारकस्तंभ झाल्यावर सागाव-खंडाळ्याचा खडक बघा. तिथल्या खुणा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाच्या, अशी श्रद्धा आहे. मलिदा (एलियाहूच्या नावाने करायचा पोह्यांचा प्रसाद) त्याच दिवशी करा. वीस माणसांना एक किलो जाडे पोहे, दोन नारळ, अर्धा किलो साखर, वेलची, जायफळ, बदाम, बेदाणे. पोहे नुसते धुऊन निथळत ठेवायचे, भिजत टाकले की लगदा होतो. साखर वाढायच्या अर्धा तास आधी घाल, लवकर घातली तर पाणी सुटतं. वर पाच फळं मांडायची, खजूर आणि केळं धरून. केळं ज्यू धर्मनियमात झाडाचं नाही, जमिनीचं फळ, त्यामुळे त्याची बराखा (खाण्याआधीची प्रार्थना) वेगळी. जेवणात मटण असेल तर दूध, दही, तूप वर्ज्य. नारळाचं दूध चालतं, पण मटण कोशर (ज्यू नियमाप्रमाणे कापलेलं) हवं, बाजारातलं नको.

घर घ्यायची भाषा कुणी केलीच तर सांगून टाक की ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या) फ्लॅट घेता येतो, शेतजमीन नाही.

आणि ‘तुम्ही खरे ज्यू का?’ हे कुणी विचारू नये, एवढं बघ. साठच्या दशकात इथल्या, इस्रायलच्या ज्यू धर्मपीठाने लग्नं नोंदवताना तोच प्रश्न काढला होता. 1964 साली इथल्या संसदेत ठराव झाला तोवर आमची माणसं सत्याग्रहाला बसली होती. म्हाताऱ्यांना तो प्रश्न अजून झोंबतो.

दगडांचे फोटो काढलेस की लगेच पाठव, इथून वाचून कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिमोन