समितीला अधिकार, पण किती?

महोदय,

इंदूरमधील आपल्या मराठी संस्थांच्या वार्षिक सभांत ‘हा विषय कार्यकारिणीकडे सोपवावा’ हा ठराव चर्चेविना संमत होताना अनेकदा दिसतो. या संदर्भात स्कॉटलंडच्या चर्चची पद्धत पाहण्याजोगी आहे. त्यांच्या महासभेचा अध्यक्ष, म्हणजे मॉडरेटर, एकाच वर्षासाठी निवडला जातो. आणि वर्षभराचे काम समित्या पाहत असल्या तरी त्यांना आपला अहवाल व त्यासोबत नेमके प्रस्ताव महासभेपुढे ठेवावे लागतात, ज्यांत प्रतिनिधी दुरुस्त्या सुचवू शकतात किंवा जे ते फेटाळूही शकतात. त्याहून लक्षणीय म्हणजे १६९७ च्या बॅरियर कायद्यानुसार सिद्धांत, उपासना, शिस्त वा कारभार यांत कायमचा बदल करायचा असल्यास खुद्द महासभेलाही तो परस्पर करता येत नाही. तो प्रेसबिटरी या प्रादेशिक मंडळांकडे पाठवून त्यांच्या बहुमताची संमती घ्यावी लागते. (घाईला घातलेला इतका जुना लगाम आजही टिकून आहे, याचे मला कौतुक वाटते.) आपल्या संस्थांनी निदान घटनादुरुस्ती आणि स्थावर मालमत्तेचे व्यवहार सर्वस्वी समितीच्या हाती देऊ नयेत, आणि सोपवलेल्या प्रत्येक विषयाची मुदत ठरावातच नमूद करावी, अशी माझी सूचना आहे.

– एक वाचक, इंदूर