वॉटर पंपाचा एवढा बाऊ कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता. कूलंट तपासा, टायरची हवा बघा हे सगळं ठीकच, पण शेवटी एका ओळीत "वॉटर पंप आणि बेल्टच्या कामाला घरी हात लावू नये" असं ठोकून दिलंय, ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय. काही गाड्यांच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे आणि काहींच्या बाबतीत साफ चुकीचं, आणि नेमक्या कुठल्या गाड्या ते लेखात नाहीच.

वॉटर पंप म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट इंजिन आणि रेडिएटरमधून फिरवत ठेवणारा पंप. आधी बघायचं की तो फिरतो कशावर. रेनॉचं १.५ लिटर डिझेल इंजिन घ्या, लोगन, डस्टर, निसानची सनी अशा बऱ्याच गाड्यांतून ते आपल्याकडे आलं. त्यात पंप आतल्या टायमिंग बेल्टवर आहे, म्हणजे व्हॉल्वची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या बेल्टवर. तो काढायचा म्हणजे टायमिंग उघडायचं, आणि बसवताना बेल्ट एक-दोन दात इकडेतिकडे झाला की व्हॉल्व आणि पिस्टनची टक्कर, मग पंप राहतो बाजूला आणि अख्खं हेड उतरवायची वेळ येते. असलं काम गॅरेजलाच द्यावं, आणि तिथे टायमिंग बेल्ट बदलत असतील तर पंपही त्याच वेळी बदलून घ्यावा कारण उघडायची मजुरी एकदाच पडते. याउलट २०१० पासूनच्या वॅगनआरमध्ये आलेलं मारुतीचं के सिरीज इंजिन किंवा स्विफ्ट, पुंटो, इंडिका व्हिस्टा जिथे बघावं तिथे बसवलेलं ते फियाटचं १.३ डिझेल, या दोन्हीत टायमिंगला चेन आहे आणि पंप बाहेरच्या बेल्टवर म्हणजे आपल्या फॅन बेल्टवर फिरतो. टायमिंगला हातच लागत नाही. माझी के सिरीजवाली वॅगनआर आहे आणि तिचा पंप आणि बेल्ट दोन्ही मी घरच्या अंगणात बदललेत, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये.

पंप सहसा एकदम जात नाही, आधी सांगून जातो, आपण बघत नाही ही गोष्ट वेगळी. पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून. तिथे हिरवट किंवा गुलाबी वाळलेला ओघळ दिसला की समजायचं सील गेलं. इंजिन बंद आणि थंड असताना पुली हाताने धरून हलवून बघायची, जरा जरी खुळखुळली तरी बेअरिंग संपलं. लोक काय करतात, टाकीतल्या कूलंटची पातळी खाली गेली की वरून पाणी ओततात आणि पुढे जातात, तेही बोअरचं! त्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार धरतो, कूलंटमधलं गंजरोधक रसायन पातळ होतं आणि नवीन पंपाचंही आयुष्य कमी होतं. कोणीतरी हमखास हळद टाकायला सांगतं. रेडिएटरची बारीक गळती त्याने थांबलेली मी पाहिलीय, नाही म्हणत नाही, पण पंपाच्या सीलला हळद काय करणार, उलट रेडिएटरच्या नळ्या मात्र चोंदतात.

मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दरवर्षी दिसतात. त्यातल्या निम्म्या लोकांना तरी डॅशबोर्डवरची एक खूण माहीत असती तर बरं झालं असतं. बाहेरचा बेल्ट तुटला की आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो कारण बॅटरी चार्ज करणारा डायनामो फिरायचा थांबला, आणि थोड्या वेळात टेंपरेचर वर जातं कारण पंपही थांबला. दोन्ही एकत्र दिसले तर पुढच्या ढाब्यापर्यंत रेटू असं म्हणायचं नाही, गाडी तिथेच कडेला घेऊन बंद करायची. नुसतं टेंपरेचर वाढलं आणि बॅटरीचा दिवा नाही तर भानगड दुसरी, थर्मोस्टॅट, पंखा, गळती काहीही असेल. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. आत प्रेशर असतं म्हणून पाणी शंभर डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलं की प्रेशर सुटतं आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. लेखात खरी भीती घालायची होती तर ती इथे घालायची.

आता कामाबद्दल. इंजिन पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो सकाळी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. उजवं पुढचं चाक काढलं की हात घालायला जागा होते, पण गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करायचं नाही, खाली घोडी म्हणजे आधाराचा स्टँड लावायचाच. मग रेडिएटरचा खालचा होज पाईप सोडून कूलंट पाटीत घ्यायचं. आणि बेल्ट काढायच्या आधी, परत सांगतो आधी, पंपाच्या पुलीचे बोल्ट ढिले करून घ्यायचे, कारण बेल्टचा ताण पुलीला धरून ठेवतो. बेल्ट काढून मोकळे झालात की पुली पान्याबरोबर गरागरा फिरते आणि माणूस स्क्रू ड्रायव्हर अडकवून पुलीची कड वाकवत बसतो. या एका गोष्टीवर अर्धं काम सोपं किंवा अवघड होतं. मग डायनामोचे बोल्ट ढिले करून बेल्ट उतरवायचा, पुली काढायची आणि पंपाचे बोल्ट जसे निघतील तसे एका पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून त्या त्या जागी खोचून ठेवायचे कारण सगळे एका लांबीचे असतीलच असं नाही, लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ॲल्युमिनियमचा आटा गेलाच समजा.

पंप चिकटलेला असतो, तो रबरी हातोड्याने हळूहळू ठोकून सुटतो, फटीत लोखंडी काही घालून उचकटायचं नाही. जुनं पॅकिंग खरवडायला मी जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा तुकडा वापरतो, पॉलिशपेपर मारायचा नाही कारण त्याची पूड कूलंटमध्ये जाते आणि पृष्ठभाग खालीवर झाला की नवीन पॅकिंगही गळतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि घाईत असलेल्या गॅरेजमध्ये नेमकं हेच उरकतात आणि वरून सिलिकॉनचा मुलामा देतात. घरी आपल्याला घाई कोणाची? जिथे कंपनीने सांगितलंय तिथेच सीलंट लावायचं, बाकी नवीन पॅकिंग कोरडं बसवायचं.

बेल्ट पंपाबरोबरच बदलायचा, जुना चांगला दिसला तरी. हल्लीचे ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे बेल्ट पूर्वीच्या रबरासारखे भेगा पडून सांगत नाहीत, त्यांच्या खाचा आतून झिजत जातात, बघून कळत नाही, आणि गळलेलं कूलंट बेल्टवर उडालेलं असेल तर तो घसरायला लागतो. बेल्टच्या पाठीवर नंबर असतो, ४पीके म्हणजे चार रेघांचा आणि पुढचा आकडा लांबी मिलिमीटरमध्ये. दुकानात हा नंबर सांगितला की काम सोपं होतं. बसवताना प्रत्येक रेघ पुलीच्या खाचेत बसलीय ना ते बोट फिरवून बघायचं, एक रेघ बाहेर राहिली तर बेल्ट थोड्याच अंतरात फाटतो. ताण जास्त दिला की पंपाचं नवीन बेअरिंग आणि डायनामोचं बेअरिंग दोन्ही खराब होतात, कमी दिला तर सकाळी चीं चीं ओरडतो. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरून, हीटर फुल गरमवर ठेवून, पंखा सुरू होईपर्यंत इंजिन आयडलला चालू ठेवायचं म्हणजे आतली हवा निघते, आणि गार झाल्यावर पातळी पुन्हा बघायची.

आता माझी खरी तक्रार. हे सगळं करताना एकच गोष्ट कुठे मिळत नाही, बोल्ट किती आवळायचा तो आकडा. साध्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर हे अंदाजाने कळतं, पण अंदाजावर ॲल्युमिनियममध्ये बोल्ट आवळायचे का? गाडीबरोबर जे पुस्तक येतं त्यात ब्लूटूथ कसं जोडायचं याची पानंच्या पानं आणि पंपाचं नाव आलं की "अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा". केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेती अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं यांच्या जोडीला गाड्याही होत्या, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू झालं. चांगलं केलं. पण पोर्टलवर कस्टमर केअर नंबर आणि वॉरंटीची माहिती ठेवून ग्राहकाला दुरुस्ती करता येत नाही, दुरुस्तीची कृती आणि असे आकडे दिलेलं वर्कशॉप मॅन्युअल लागतं, आणि ते मालकाला वाजवी किमतीत मिळायलाच पाहिजे, गाडी त्याची आहे.

एक शेवटचं. काढलेलं जुनं कूलंट गटारीत किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून लहान पोरांपासून लांब ठेवा. पुढे ते द्यायचं कुठे हे मी आमच्या इथे बऱ्याच जणांना विचारलं, कोणाला सांगता आलं नाही. जुनं ऑईल विकत घेणारे दारात येतात, कूलंटला कोणी विचारत नाही. पुढच्या पुरवणीत याचं उत्तर नगरपालिकेकडून मिळवून छापलंत तर आमच्यासारख्यांचा कॅन तरी रिकामा होईल.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा